चालू होतो, पण धड होत नाही: घरच्या डेस्कटॉपच्या दुरुस्तीच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

तक्रार एका ओळीची: दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट हलवला, पुसला, जागेवर ठेवला आणि तेव्हापासून कॉम्प्युटर चालू होत नाही. एका दुकानातून फोनवरच "विंडोज गेलंय, फॉरमॅट मारावा लागेल" असं निदान मिळालेलं. फॉरमॅट अजून मारलेला नाही, म्हणजे निम्मं काम वाचलं.

यंत्र नाशिकला, २०१४ मध्ये जुळवून घेतलेलं. एच८१ चिपसेटचा छोटा बोर्ड, आय३-४१३० प्रोसेसर, डीडीआर३ रॅमच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या, ५०० जीबीची साडेतीन इंची हार्डडिस्क, आणि कॅबिनेटसोबत आलेला, अंगावर '४५० वॉट' छापलेला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मुळात विंडोज ७ होतं, त्यावरच पुढे विंडोज १० चढवलेलं. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण ८ तारखेला तीच कामाला आली.

'चालू होत नाही' यात तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. वीज बोर्डापर्यंत नीट पोचते का? बोर्ड स्वतःची तपासणी उरकून पडद्यावर काही आणतो का? आणि त्यानंतर विंडोज चढतं का? कुठल्या पायरीवर गाडी अडते ते कळल्याशिवाय पेचकस हातात घेण्यात अर्थ नाही. म्हणून घरच्यांना फक्त एक काम सांगितलं: बटण दाबल्यापासून पुढची तीन मिनिटं फोनवर व्हिडिओ घ्या. एक सकाळी, एक दुपारी.

व्हिडिओत दिसलं ते असं. बटण दाबलं की पंखा फिरतो, दोनेक सेकंदांत थांबतो, तीन सेकंदांनी आपोआप पुन्हा फिरतो. सकाळी असं पाच वेळा झालं, दुपारी दोनदा. मग बोर्डाचा लोगो, खाली सीमॉस (बोर्डाची मांडणी लक्षात ठेवणारी स्मृती) चेकसमची सूचना आणि एफ१ दाबायची विनंती. तारीख १ जानेवारी २०१३. एफ१ नंतर विंडोजचं गोल फिरणारं चक्र, क्षणभर निळा पडदा, रीस्टार्ट. दोन-तीन फेऱ्यांनंतर 'ऑटोमॅटिक रिपेअर' आणि तिथेच अडकणं.

म्हणजे तिन्ही पायऱ्यांवर काही ना काही बिघडलंय. सकाळ आणि दुपार यांतला फरक सर्वांत बोलका. तोवर घरच्यांना सूचना: रिपेअरच्या पडद्यावर 'रीसेट धिस पीसी' अजिबात दाबू नका, आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

३ नोव्हेंबर, सोमवार

भिंतीपासून सुरुवात. मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवून एक्स्टेन्शन बोर्डाच्या सॉकेटमध्ये: फेज-न्यूट्रल २२८ व्होल्ट, फेज-अर्थ ९७, न्यूट्रल-अर्थ ११०. अर्थिंग नीट असेल तर फेज-अर्थ हे फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवं आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टांच्या आत. इथे अर्थ नुसती लोंबकळतेय. एक्स्टेन्शनच्या प्लगटॉपमधला अर्थचा स्क्रू ढिला होता, तार निसटलेली. आवळल्यावर २२८, २२६, २.

घरच्यांची जुनी तक्रार होती की कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. त्याचं कारण हेच. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेजपासून बॉडीला आणि न्यूट्रलपासून बॉडीला असे दोन बारके कपॅसिटर असतात. अर्थ तुटली की बॉडी त्यांच्या मधोमध, साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगते. विद्युतप्रवाह अगदी थोडा, पण रॅम किंवा यूएसबी केबल लावता-काढताना तेवढाही बोर्डाला नको. चालू न होण्याचं कारण मात्र हे नव्हे. दुरुस्त केलं, पुढे गेलो.

मग पॉवर बटण. पुसताना ओल गेली किंवा कडेला कचरा अडकला तर बटण आत रुतून बसतं. तसं झालं की यंत्र चालू होतं आणि बरोबर चार सेकंदांनी बंद पडतं, कारण बटण चार सेकंद दाबून धरलं की बंद करायचं हे बोर्डाला शिकवलेलंच असतं. इथे दोन सेकंदांतच बंद होतोय, म्हणजे बटणावरचा संशय कमी. तरी खात्री केली: बोर्डाच्या कोपऱ्यातल्या पिनांवरून पॉवर स्विचची जोडी उपसली आणि त्या दोन पिना पेचकसाच्या टोकाने क्षणभर जोडल्या. तसंच झालं. बटण निर्दोष.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस एसएमपीएसचा. सकाळी सात वाजता, यंत्र रात्रभर बंद, खोली गार.

मोजायची पद्धत: २४ पिनांचा प्लग बोर्डातच राहू द्यायचा. मीटर डीसी २० व्होल्टवर, काळी सुई कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूवर, लाल सुई प्लगच्या मागच्या बाजूने, तारेलगत आत सरकवायची. पाहायच्या तारा तीन. जांभळी, पिन ९: स्टँडबायचे ५ व्होल्ट, भिंतीवरचं बटण चालू असेल तोवर कायम. हिरवी, पिन १६: बोर्ड 'चालू हो' म्हणतो ती, बंद असताना ५ व्होल्टच्या आसपास, चालू झाल्यावर जवळपास शून्य. करडी, पिन ८: 'वीज ठीक आहे' असा एसएमपीएसचा निरोप, ५ व्होल्ट. पुष्कळ नव्या एसएमपीएसमध्ये सगळ्या तारा काळ्या असतात, तिथे रंगावर न जाता पिनाच मोजाव्या लागतात.

आकडे: यंत्र बंद, जांभळी ४.५८. मर्यादा ५ टक्के, म्हणजे ४.७५ ते ५.२५. इथेच नापास. बटण दाबल्याबरोबर ४.१ पर्यंत घसरली, करडी वर आलीच नाही, पंखा थांबला. पाचव्या खेपेला जांभळी ४.७७ वर टिकली, करडी वर आली, लोगो दिसला. दुपारी दीड वाजता पुन्हा: बंद असताना ४.७९, दुसऱ्याच प्रयत्नात चालू.

कारण उघड आहे. एसएमपीएसच्या बाहेरच्या बाजूला जे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो आणि त्यांचा आतला रोध वाढतो. गारठ्यात तो आणखी वाढतो, थोडी वीज खेळून अंग गरम झालं की उतरतो. म्हणून 'चार-पाचदा दाबलं की होतो चालू' ही तक्रार थंडीच्या तोंडावर हमखास येते. स्टँडबायचा भाग तर यंत्र बंद असतानाही राबत असतो, त्यामुळे तोच बहुधा आधी थकतो. दिवाळीच्या साफसफाईचा यात हात नाही. साफसफाई आणि गारठा एकाच पंधरवड्यात आले, एवढंच.

दोन फसव्या चाचण्या इथे नोंदवून ठेवतो. पहिली, प्लग बोर्डातून काढून मोजणं. काढल्यावर जांभळी ४.९७ दाखवते, अगदी ठणठणीत, कारण ओझंच नाही. दुसरी, हिरवी आणि काळी तार क्लिपने जोडून पंखा फिरतो का पाहणं. पंखा फिरला. त्यावरून पंखा फिरतो एवढंच सिद्ध झालं. मीटरलाही मर्यादा आहे: डीसीवर तरंगणारी लहर त्याला दिसत नाही. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट, ५ आणि ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्ट ही तिची कमाल मर्यादा. ती पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. पण जे मीटरवरच नापास झालं त्याला पुढची परीक्षा कशाला?

एसएमपीएस बाहेर काढून जाळीतून टॉर्च मारला. तारांच्या जुडग्यापाशी दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसतात. डबा उघडला नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरांवर २३० व्होल्टचे डीसी होऊन सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतात. १०५ अंशांचे कमी रोधाचे कपॅसिटर बसवून जीव आणता येतो, पण अकरा वर्षांच्या स्वस्त एसएमपीएसवर तेवढे कष्ट करू नयेत. नवा घ्यायचा.

५ नोव्हेंबर, बुधवार

खात्रीचा चालू एसएमपीएस तात्पुरता जोडला. हार्डडिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, समोरचे यूएसबी, सगळं काढून ठेवलं. बोर्डावर फक्त प्रोसेसर, रॅमची एक पट्टी, मॉनिटर आणि कीबोर्ड. सकाळी ७.१०, पहिल्याच दाबण्यात चालू. दहा मिनिटं भिंतीवरून बंद ठेवून पुन्हा, असं चार वेळा. चारही वेळा चालू. पहिली पायरी सुटली.

सीमॉसची सूचना मात्र तशीच. बोर्डावरचा बटन सेल, सीआर२०३२, काढून मोजला: २.४१ व्होल्ट. नवा सेल ३.२ च्या पुढे दाखवतो, २.८ च्या खाली आला की बदलावा. सेलची गंमत अशी की भिंतीवरचं बटण चालू असेल तर घड्याळ स्टँडबायच्या विजेवर चालतं आणि सेल जवळजवळ खर्चच होत नाही. आपल्याकडे काम झालं की भिंतीवरून बंद करायची सवय, आणि ती चांगलीच आहे, पण मग घड्याळाचा सगळा भार सेलवर. सुमारे २२० मिलिअँपिअर-तासांचा सेल, पाच-सहा मायक्रोअँपिअरचा खर्च: हिशेब चार-पाच वर्षांचा निघतो. तेवढ्यात बदलला म्हणजे झालं.

नवा सेल ३.२४ व्होल्ट. अधिकची बाजू वर, आधी पकडीखाली सरकवून मग दाबला. तारीख-वेळ घातली, बंद करून अर्ध्या तासाने पाहिलं, टिकली. घड्याळ २०१३ मध्ये असताना ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटला नकार देतो, त्यामुळे 'इंटरनेटही बिघडलंय' असं घरच्यांना वाटत होतं. ती तक्रार आपोआप मिटेल.

रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलके पुसले, चुरा ब्रशने झटकला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. स्लॉटमध्ये काहीही घालून खरवडायचं नाही. फुंकरही मारायची नाही, तोंडातली वाफ आत जाते. प्रोसेसरचा पंखा साफ करताना पाती बोटाने धरून ठेवायची.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दोन्ही पट्ट्या लावून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ प्लस (रॅम तपासणारा प्रोग्रॅम), रात्रभर. चार पूर्ण फेऱ्या, चुका शून्य. रॅम बाद नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

हार्डडिस्क परत जोडली. निळा पडदा कायम. फोनचा व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेत थांबवला तर मजकूर मिळाला: 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

हा मजकूर वाचून लोक हार्डडिस्क बदलतात. त्याआधी बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या मांडणीच्या पानांवर) साटाची पद्धत, म्हणजे बोर्ड डिस्कशी कसं बोलतो ती, बघावी. एएचसीआय ही नवी, आयडीई ही जुनी. इथे एएचसीआय होती, कारण ती बोर्डाची मूळ मांडणी. पण २०१४ मध्ये विंडोज ७ टाकताना ती आयडीई केलेली असणार, त्या काळी सर्रास करत, आणि विंडोज १० त्याच पायावर चढलं. आयडीईत वाढलेल्या विंडोजमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीला जागा होत नाही. सेल संपला, बोर्ड दर वेळी मूळ मांडणीवर जाऊ लागला, साटाची पद्धत बदलली आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क दिसेना. चाळीस रुपयांच्या सेलने विंडोज 'घालवलं' ते असं.

आयडीई केली. विंडोज पुढे सरकलं, चक्र जास्त वेळ फिरलं, आणि आता निळ्या पडद्यावर दुसराच मजकूर: रजिस्ट्रीची (विंडोजच्या सगळ्या मांडणीच्या नोंदवहीची) फाइल उघडता येत नाही, कोड सी००००२१८, आणि 'सॉफ्टवेअर' या फाइलीचं नाव. त्याच वेळी डिस्कमधून टक-टक नाही, पण थबकत थबकत वाचल्यासारखा आवाज.

इथे आपली चूक नोंदवायला हवी. डिस्क जोडल्यावर विंडोजला हात लावू देण्याआधी तिची प्रकृती वाचायला हवी होती. विंडोज सुरू होताना डिस्कवर लिहितं, आणि ऑटोमॅटिक रिपेअर तर त्याहून जास्त. यंत्र लगेच बंद केलं.

९ नोव्हेंबर, रविवार

लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू केलं. डिस्क माउंट न करता, म्हणजे तिच्यातल्या फाइली न उघडता, स्मार्टमॉनटूल्सने डिस्कने स्वतःच्या प्रकृतीचे ठेवलेले आकडे वाचले. ५ क्रमांकाची नोंद, म्हणजे बदलून दिलेले सेक्टर: १६. १९७, म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले: ४८. १९९, म्हणजे केबलमधल्या चुका: ०. १९९ वाढलेला असता तर आधी साटा केबल बदलली असती. इथे केबल निर्दोष, थाळीच खराब होतेय. १९७ शून्य नसेल तर एकच नियम: आधी प्रत, मग बाकी सगळं. चेकडिस्क (विंडोजची डिस्क-दुरुस्ती) तर मुळीच नको. ते खराब डिस्कला सर्वांत जास्त पळवतं आणि न वाचता आलेल्या जागी असलेला मजकूर टाकून देऊन मोकळं होतं.

प्रत जीएनयू डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम), १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर, एका फाइलीत. तयारीतल्या चुका टाळायच्या त्या अशा. बाहेरची डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवी. निळ्या यूएसबी ३ च्या पोर्टात लावायची. यूएसबी २ वर सेकंदाला ३५ एमबीच्या वेगाने ५०० जीबीला चार तास लागतात. आणि 'कुठून' आणि 'कुठे' हे नावावरून ठरवायचं नाही, कारण एसडीए-एसडीबी ही नावं दर वेळी बदलू शकतात. डिस्कच्या लेबलावरचा सिरियल नंबर आणि पडद्यावरचा जुळवायचा. ही दोन उलटी झाली तर सगळंच पुसलं जातं.

थेट एसएसडीवरच प्रत का नाही, असा प्रश्न आला. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात, ४८० जीबीच्या एसएसडीत ९३,७७,०३,०८८. मावणार नाही आणि ते शेवटच्या तासाला कळेल. शिवाय फाइल असली की तिच्यावर हवे तितके प्रयोग करता येतात.

पहिली फेरी: खराब जागा खरवडणं टाळायचा पर्याय देऊन, मॅपफाइलसकट (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद). मॅपफाइल विसरायची नाही. वीज गेली तर तिच्यामुळेच काम पुढे चालू होतं. १ तास ५२ मिनिटं, सरासरी ७५ एमबी. शेवटी काही एमबी बाकी. दुसरी फेरी थेट वाचनाने, तीन पुनःप्रयत्नांसह, ४० मिनिटं. टेबलफॅन डिस्कवर सोडलेला, तापमान ४४ अंशांपुढे गेलं नाही.

निकाल: न वाचलेलं २८,६७२ बाइट. म्हणजे ५१२ चे ५६ सेक्टर. थाळीवर सेक्टर प्रत्यक्षात ४,०९६ बाइटचे, म्हणून हिशेब आठाच्या पटीत, खरे खराब तुकडे सात. १९७ पुन्हा वाचला: ५६. सकाळी ४८ होता. एका दिवसात आठाने वाढला, यावरून डिस्क कुठल्या दिशेला निघालीय ते कळतं. काढून बाजूला ठेवली.

१० नोव्हेंबर, सोमवार

सात तुकडे नेमके कुणाचे? डीडीरेस्क्यूच्या भरण्याच्या पर्यायाने प्रतीतल्या त्या मोकळ्या जागांत एक ठरावीक खूण लिहिली. हे प्रतीवर करायचं, मूळ डिस्कवर नाही. मग प्रतीतलं विभाजन फक्त वाचण्यापुरतं उघडून सगळ्या फाइलींत ती खूण शोधली. चार तुकडे रिकाम्या जागेत, एक २०१७ च्या एका फोटोत, दोन रजिस्ट्रीच्या 'सॉफ्टवेअर' फाइलीत. फोटोचा वरचा अर्धा भाग उघडतो, खालचा करडा. बाकी सगळा डेटा जसाच्या तसा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

विंडोज वाचवायचं की नवं टाकायचं?

जुनी युक्ती अशी की रेगबॅक फोल्डरमधून रजिस्ट्रीची जुनी प्रत आणून ठेवायची. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ते फोल्डर भरलंच जात नाही. फाइली दिसतात, पण शून्य बाइटच्या. त्या खऱ्या समजून वर ठेवल्या तर होतं नव्हतं तेही जातं. रिस्टोर पॉइंट पाहिले, सिस्टिम प्रोटेक्शन बंद. रस्ता संपला. नवं टाकायचं.

आता कुठलं? या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही: इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ही चौथी पिढी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. नुसता ब्राउझर आणि पत्रव्यवहार असता तर लिनक्स मिंटच टाकलं असतं, आठ जीबी रॅमवर ते मजेत चालतं. पण घरात टॅलीचा डेटा आहे आणि श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधली पंधरा वर्षांची पत्रं. म्हणून विंडोज १०, एका वर्षाच्या मुदतीवर.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सामान आलं. ८० प्लस ब्राँझचा ४५० वॉटचा एसएमपीएस २,९०० रुपये, ५०० जीबीची साटा एसएसडी ३,८०० रुपये. या यंत्राला ४५० वॉट गरजेपेक्षा भरपूर. प्रोसेसरची रेटिंग ५४ वॉटची आहे. आकड्यापेक्षा नीट बनलेला असणं महत्त्वाचं.

बसवताना: प्रोसेसरच्या विजेचा प्लग ४+४ असा येतो, बोर्डावर चारच पिना, त्यामुळे अर्धा लावायचा आणि अर्धा बाजूला. ग्राफिक्स कार्डाचा ६+२ चा प्लग दिसायला सारखा, पण तारांची मांडणी उलटी. जोर लावून तो इथे बसवू नये. एसएमपीएस मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) असेल तर जुन्याच्या केबल नव्याला लावायच्या नाहीत. टोकाचा आकार तोच असला तरी आतल्या जोडण्या निराळ्या असू शकतात, आणि डिस्क जळू शकते.

एच८१ वर साटाची चार पोर्ट, त्यांतली दोनच ६ गिगाबिटची. एसएसडी त्यांपैकी एकावर. जुनी हार्डडिस्क जोडलेली नाही. ती जोडलेली असती तर विंडोज सुरुवातीच्या फाइली तिच्यावर टाकण्याचा धोका होता, आणि पुढे ती काढताच पुन्हा 'चालू होत नाही'.

बायोसमध्ये साटा एएचसीआय, बूटची पद्धत यूईएफआय, म्हणजे नवी. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो; नावाआधी यूईएफआय लिहिलेला निवडायचा. सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले, पुढच्या वेळी सेल संपला तर शोधाशोध नको. विंडोज टाकताना की विचारली ती वगळली, आवृत्ती आधीचीच निवडली. परवाना बोर्डाशी बांधलेला असल्याने इंटरनेट जोडताच आपोआप सक्रिय झालं.

१६ नोव्हेंबर, रविवार

डेटा प्रतीतून आणला. नेहमी सुटतात त्या गोष्टी आधी घेतल्या. टॅलीचा डेटा वापरणाऱ्याच्या फोल्डरमध्ये नसून पब्लिक फोल्डरमध्ये असतो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलून निश्चिंत होणाऱ्यांचा हिशेब तिथेच राहतो. श्रीलिपीची पत्रं युनिकोड नाहीत, त्यामुळे फाइलींसोबत विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले ते फॉन्टही आणावे लागतात, नाहीतर 'सप्रेम नमस्कार'च्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं. पाच पत्रं उघडून, छापून पाहिली. मग ब्राउझरच्या खुणा. फाटलेला फोटो एका नातेवाइकाच्या फोनमध्ये सापडला.

सिस्टिम प्रोटेक्शन चालू केलं. 'फास्ट स्टार्टअप' (पूर्ण बंद न होता अर्धवट झोपायची विंडोजची सोय) बंद केलं: भिंतीवरून वीज तोडणाऱ्या घरात अर्धवट झोपलेलं विंडोज नको, आणि पुढे कधी लिनक्सवरून डिस्क उघडायची वेळ आली तर अडथळा नको.

१७ ते २३ नोव्हेंबर

रोज रात्री भिंतीवरून बंद, सकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान पहिलं दाबणं. सात दिवस, सातही वेळा पहिल्या दाबण्यात. बटणापासून डेस्कटॉपपर्यंत २४ ते २७ सेकंद. जांभळी तार सकाळी ५.०६, चालू असताना ५.०२. १२ व्होल्टची पिवळी १२.११. तारीख रोज बरोबर. २० तारखेला लोगोवर दहा सेकंद रेंगाळला. प्रिंटरच्या केबलसोबत एक जुना कार्ड रीडर लागलेला होता, तो काढल्यावर पुन्हा झालं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

खर्च: एसएमपीएस २,९००, एसएसडी ३,८००, सेल ४०. एकूण ६,७४० रुपये.

बाकी कामं: टॅलीच्या डेटाची आठवड्याला एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, शनिवार ठरवला. जुन्या डिस्कवर '१९७: ५६, वापरू नये' अशी चिठ्ठी लावून तिला पिशवीत घातलं, वर्षअखेरपर्यंत काही राहिलं असं निघालं नाही तर थाळी भोकं पाडून ई-कचऱ्यात. जुना एसएमपीएस कुणी मागितला तरी द्यायचा नाही, तोही ई-कचऱ्यात. विंडोज १० च्या वाढीव अपडेटची नोंदणी अजून व्हायची आहे, खात्याचा पासवर्ड घरच्यांना आठवत नाही.